टीप मारताना खालून दोऱ्याचं जाळं होतंय? बॉबिनचा स्क्रू पिळायच्या आधी हे बघा

वरून टीप एकदम सरळ, मस्त, आणि कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचा नुसता झुपका. कधी सुरुवातीलाच मशीन कापड गिळतंय, कधी अर्ध्या टिपेपर्यंत छान चालतंय आणि मग कर्रकर्र करून अडकतंय, मग कात्रीनं कापून सोडवायचं, परत दोरा ओवायचा, परत तेच. दुरुस्तीवाल्याकडून आणलं की चार दिवस बरं चालतं आणि नेमकं राखीच्या नाहीतर सेंडऑफच्या आदल्या रात्री पुन्हा जाळं. कॉलेज करत करत कुर्ती, ब्लाऊज, पाऊच, बटवे, स्क्रंची असलं शिवणाऱ्या माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकीची हीच तक्रार, आणि प्रत्येकीनं पहिलं काय केलेलं असतंय तर छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ (बॉबिन) जिच्यात बसते त्या डबीचा, स्क्रू पिळलेला असतोय. गोंधळ खाली दिसतोय म्हणजे दोष खालच्याच दोऱ्याचा असणार असं वाटतं. पण बहुतेक वेळा तो वरच्या दोऱ्याचा असतो, आणि स्क्रू पिळणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यातला प्रकार.

का ते जरा समजून घ्या, एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते, तिथं शटलचं, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाचं, टोक त्या दोऱ्याची कडी पकडतं आणि बॉबिनभोवती फिरवून आणतं, मग वरचा तो हलणारा हात, ज्याच्या भोकातून आपण दोरा ओवतो, तो वर जाताना ती कडी खेचून घेतो आणि टाका आवळतो. हे खेचणं कधी जमेल, तर वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये नीट दाबून धरलेला असेल तेव्हाच. चकत्यांत दोरा बसलेलाच नसेल तर हात वर जाताना रिळातूनच नवा दोरा सैल येत राहतो आणि आधीची कडी खालीच लोंबकळते. अशा दहा-बारा कड्या साठल्या की ते जाळं. म्हणजे चूक वर आणि घाण खाली.

खात्री करायची असेल तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून एका चिंधीवर टीप मारा, दोरे एकाच जाडीचे घ्या मात्र. खालच्या बाजूला लाल कड्या दिसल्या तर वरचा दोरा सैल. वरच्या बाजूला पांढरे ठिपके ओढून आलेले दिसले तर वरचा जास्त घट्ट नाहीतर खालचा सैल. दोन मिनिटांचं काम आहे पण हे न करता लोक दोन तास मशीनशी भांडतात.

तर पहिला उपाय, फुकटातला. वरचा दोरा पूर्ण काढून टाका आणि फूट (सुईपाशी कापड दाबून धरतो तो) वर उचलून परत ओवा. फूट वर असताना चकत्या उघडतात, खाली असताना मिटतात. फूट खाली ठेवून ओवलं की दोरा चकत्यांच्या कडेवर नुसता टेकून राहतो, आत जातच नाही, आणि वरून बघितलं तर सगळं बरोबरच दिसतं, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. घाईत आपण काय करतो, रीळ संपलं की नवीन लावलं, फूट कापडावर तसाच, फटाफट ओवलं आणि सुरू. ओवून झालं की अशी परीक्षा घ्या: फूट वर असताना सुईजवळचा दोरा ओढला तर तो सहज यायला पाहिजे, फूट खाली टाकून ओढला तर चांगला अडायला पाहिजे, सुई किंचित वाकायला लागेल इतका. दोन्ही वेळेला सारखाच सैल येत असेल तर एक तर दोरा चकत्यांत नाही, नाहीतर चकत्यांमध्ये जुन्या दोऱ्याचा तुकडा किंवा धूळ अडकून त्या नीट मिटत नाहीयेत. मग फूट वर करून कापडाची एक पातळ पट्टी चकत्यांमधून मागंपुढं ओढायची, जे काय अडकलंय ते येतं बाहेर. चकत्यांशेजारी एक बारीक तारेची स्प्रिंग असते, दोरा तिच्यातूनही जायला पाहिजे, आणि तो वरचा हात तर अजिबात चुकवायचा नाही. हात चुकला तर दुसऱ्या-तिसऱ्या टाक्यालाच मशीन जाम होतं, हे ओळखायला सोपं आहे.

सुरुवातीलाच गोळा होतोय आणि पुढं टीप चांगली येतेय, असं असेल तर तो वेगळाच मामला आहे, टेन्शनशी त्याचा काही संबंध नाही. दोन्ही दोऱ्यांची शेपटं फुटाखालून मागं घेऊन पहिले तीन-चार टाके बोटानं धरून ठेवा. सैल सोडली की तीच शेपटं आत ओढली जातात. सुरू करताना तो वरचा हात सगळ्यात वर असावा, नाहीतर पहिल्याच टाक्याला दोरा सुईतून निघून येतो. अजून चांगलं म्हणजे एका चिंधीवर टीप सुरू करून सरळ आपल्या कापडावर चालत जायचं, चिंधी नंतर कापायची. बटव्याच्या टोकदार कोपऱ्यात तर ही चिंधी लावल्याशिवाय मी सुरूच करत नाही.

ज्यांच्याकडं आजीचं नाहीतर आईचं काळं पायमशीन आहे त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. चाक कायम आपल्या बाजूला फिरलं पाहिजे, म्हणजे चाकाचा वरचा भाग आपल्याकडं येतोय असं. पायटा दाबताना पहिल्या झटक्याला चाक उलटं गेलं की खाली दोरा गुंडाळला जातो आणि बऱ्याचदा तुटतो. सवय होईपर्यंत उजव्या हातानं चाक आपल्याकडं ढकलून द्यायचं आणि मग पायानं चाल धरायची. आई-काकूंना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतंय की त्या शिकवताना सांगतच नाहीत, त्यांना वाटतं हे काय सांगायचं. मोटर बसवलेलं असेल तर हा प्रश्न येत नाही, पण अडकल्यावर चाक हातानं सोडवताना मात्र तिथंही दिशा तीच.

आता सुई. दोरा नीट ओवूनही जाळं होतंय किंवा टाके सुटतायत तर सुई बदला, बघत बसू नका, बदला. महिनोन्महिने तीच सुई चालवणाऱ्या पोरी आहेत आपल्यात, तुटेपर्यंत बदलायचीच नाही हा जणू नियम. साधारण 8 तास शिवण झालं की सुई बदलावी असा शिवणकामातला जुना आडाखा आहे, आणि टाचणीवर एकदा जरी आदळली तरी लगेच. टोक नखावरून हलकं ओढून बघा, ओरखडा उठला तर गेली ती. बसवताना सुई वरपर्यंत पूर्ण टेकवून मग स्क्रू आवळायचा. सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते आणि तिच्या विरुद्ध बाजूला लांब खाच असते, दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूनं आत घालायचा. समोरून बॉबिन घालायच्या झिगझॅग मशीनमध्ये चपटी बाजू मागं येते आणि दोरा समोरून ओवायचा. काळ्या पायमशीनमध्ये बॉबिन डाव्या बाजूनं बसते, तिथं चपटी बाजू उजवीकडं आणि दोरा डावीकडून. उलटी बसवलेली सुई टाका धरतच नाही, आणि आपण टेन्शन फिरवत बसतो.

दुकानात सुई मागताना नुसतं "मशीनची सुई द्या" म्हणू नका. कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत टेलरिंगचं सामान घ्यायला गेलात तर तिथं शिंपीही येतात, आणि त्यांच्या मोठ्या पॉवर मशीनला गोल दांड्याची सुई लागते, तिला डीबी म्हणतात. आपल्याला घरगुतीची, चपट्या दांड्याची एचए पाहिजे. गर्दीत दुकानदार पटकन कुठलंही पाकीट देतो, तिथंच उघडून दांडा बघायचा. पाकिटावर 75/11, 90/14, 100/16, 110/18 असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे जाडी, 90 म्हणजे 0.9 मिलिमीटर. दुसरा आकडा म्हणजे आपण तोंडानं सांगतो तो नंबर. 11, 14, 16 आणि 18 चं एकेक पाकीट घरात पाहिजे, महाग नसतात.

आता ज्यासाठी मी हे एवढं लिहायला घेतलं ते. दुरुस्त करूनही हे परत परत का होतं? शिंप्याच्या दुकानात दिवसभर एकाच प्रकारचं कापड, एकच दोरा, एकच सुई, त्याचं मशीन एकदा लावलं की लावलं. आपलं काय असतंय, गिफ्ट शिवायचं म्हणजे घरात जे उरलंय त्यातून. संध्याकाळी खणाचा पाऊच, त्याला आत जुन्या ओढणीचं अस्तर, मग लगेच जीन्सच्या पायाचा पेन्सिल पाऊच, मग सॅटिनच्या स्क्रंची, आणि शेवटी भावाच्या टी-शर्टचा उशीचा अभ्रा. सगळं त्याच सुईवर, त्याच दोऱ्यावर, त्याच टेन्शनवर. मशीन बिघडलेलंच नसतं, आधीच्या कापडासाठी लावलेलं असतं. म्हणून दुरुस्तीवाल्याकडं ते चालतं, त्यानं साध्या कॉटनच्या दोन पदरी चिंधीवर तपासून दिलेलं असतं, आणि घरी आणून आपण त्याच्याखाली जीन्सचे सहा पदर सरकवतो.

त्यामुळं वेळ कमी असेल तर एकेक गिफ्ट पूर्ण करायच्या नादाला लागू नका. कापडाप्रमाणं काम वाटा. रविवारी सगळ्याची कापणी करून ठेवायची, मग एका संध्याकाळी फक्त कॉटन आणि खण, सगळ्या पाऊचचे तेवढेच भाग. दुसऱ्या दिवशी सुई बदलून सगळी जीन्स. सॅटिन वेगळं. प्रॅक्टिकल असलेल्या दिवशी मधे वीस मिनिटं मिळाली तरी चालतात कारण मशीन लावलेलं तयार असतं. आणि प्रत्येक कापडाची एक चिंधी ठेवा, टीप मारून बघायची, बरोबर आली की त्याच चिंधीवर पेननं सुई नंबर आणि टेन्शनचा आकडा लिहून टाकायचा. पुढच्या संक्रांतीला वाणाचे बटवे शिवायला घ्याल तेव्हा ती चिंधी काढली की झालं.

आता कापडं एकेक. खणाला 14 ची सुई बरी पडते, पण खण कडेला भराभर सुटतो आणि सुटलेले धागे सुईबरोबर खाली जाऊन गुंता करतात. कापल्या कापल्या मागं हलकं फ्यूजिंग (गरम केलं की चिकटणारं पातळ अस्तर) इस्त्रीनं चिकटवा नाहीतर कडेपासून अर्धा इंच सोडून शिवा, पाव इंचात खण टिकत नाही. जरीचा काठ असेल तर सुई लवकर बोथट होते. जरीचा दोरा वरून ओवून नक्षी काढायचा मोह असतो सगळ्यांना, तो सुईच्या भोकात घासून तुटतो. त्यापेक्षा जरी बॉबिनवर भरा आणि कापड उलटं ठेवून शिवा, नक्षी सरळ बाजूला येते.

सॅटिन आणि ओढणीसारखं पातळ कापड मशीनच्या प्लेटच्या भोकात ओढलं जातं, त्याला लोक टेन्शन समजतात. सुई 11 ची, आणि कापडाखाली कागदाची पट्टी ठेवून शिवायचं, नंतर टरकन फाडायची. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई लागते सॅटिनला. जर्नलची उरलेली कोरी पानं यासाठीच तर असतात.

जीन्सला 16, जास्त पदर असतील तर 18. जिथं जाड शिवण ओलांडायची असते तिथं फूट पुढून वर उचलला जातो, मागं तिरका होतो, टाके चुकतात आणि सुई तुटते. फुटाच्या मागच्या बाजूखाली पुठ्ठा नाहीतर घडी केलेली चिंधी ठेवा म्हणजे फूट सपाट राहतो, आणि तेवढे चार टाके चाक हातानं फिरवून घ्या. कापड मागून ओढायचं नाही, सुई तिथंच वाकते आणि प्लेटवर आदळते. कोपऱ्यात चेनच्या टोकाचा धातू असेल तर तिथं सुई नेऊच नका, तेवढं हातशिलाईनं करा, कुणाला कळत नाही.

टी-शर्टच्या होजिअरीला टाके सुटतात कारण साधी टोकदार सुई विणीतले धागे टोचत जाते. त्याला गोल टोकाची सुई येते, बॉलपॉइंट म्हणून मागायची. आणि काळ्या मशीनवरच्या सरळ टिपेला ताण सहन होत नाही, घालताना कटकन तुटते, म्हणून होजिअरीचे कपडे त्यावर शिवायच्या भानगडीत मी तरी पडत नाही, उशीचे अभ्रे ठीक आहेत.

कोरं कॉटन असेल, इचलकरंजीहून कुणीतरी पॉपलीन आणून दिलंय वगैरे, तर शिवायच्या आधी धुवून घ्या. यंत्रमागावर विणताना उभ्या धाग्यांना खळ लावलेली असते, ती राहिली असेल तर सुईला घासते, कापड पुढं सरकवणाऱ्या दातांखाली भुसा साठतो. शिवाय शिवून झाल्यावर कापड आटलं तर अजून वैताग.

दोऱ्याबद्दल थोडक्यात: वर खाली एकाच प्रकारचा दोरा. भरतकामाचा चमकदार रेयॉनचा दोरा शिलाईला वापरू नका, दिसतो छान पण ताकद नाही. आजीच्या डब्यातली जुनी रिळं ओढून बघा, हातानं सहज तुटत असेल तर ती टाचायला, कच्च्या धावदोऱ्याला ठेवा.

एवढं सगळं करूनही फरक पडला नाही तरच बॉबिनकडं या. आधी बॉबिन बघा, स्क्रू नंतर. जुन्या दोऱ्यावरच नवा भरलाय का, वेडीवाकडी नाहीतर सैल भरलीय का, प्लास्टिकची असेल तर कडेला खाच पडलीय का, दुसऱ्या मशीनची उंच-बुटकी बॉबिन तर नाही ना. हॉस्टेलवर दोघी-तिघी मिळून शिवतात तिथं बॉबिनांची हमखास अदलाबदल झालेली असते. मग बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत सोडा. आपोआप घसरत खाली गेली तर सैल, हलका झटका दिल्यावर जराशी सरकून थांबली तर बरोबर, झटक्यानंही हलली नाही तर घट्ट. वरून बॉबिन टाकायच्या मशीनला ही परीक्षा लागू होत नाही. केसवर दोन स्क्रू असतील तर मोठा टेन्शनचा, बारका फक्त पत्री (दोरा दाबणारी पत्र्याची पट्टी) धरून ठेवतो, त्याला हात लावू नका. फिरवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, आणि फिरवायचं ते घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटं पुढं जाईल एवढंच. त्या पत्रीखाली भुसा अडकला असेल तर कडक कागदाच्या कोपऱ्यानं काढा, खूप वेळा तेवढ्यावरच भागतं.

साफसफाई आणि तेल, हे कोल्हापुरात विशेष सांगावं लागतंय. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की सुया डबीतच गंजतात, प्लेटखालचा भुसा ओला होऊन घट्ट बसतो. बुटांच्या खोक्यातली ती सिलिका जेलची पुडी सुयांच्या डबीत टाका. प्लेट उघडून जुन्या टूथब्रशनं दातांच्या मधला आणि शटलमधला भुसा काढायचा, फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ जाते आणि भुसा अजून आत सरकतो. तेल फक्त मशीनचं, पाण्यासारखं पातळ येतं ते, शटलच्या जागी एक-दोन थेंब. खोबरेल तेल घालणारी घरं आहेत अजून. ते साधारण 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो, म्हणजे संक्रांतीच्या आधी मशीन जड का झालं याचं उत्तर तिथंच. नवीन मशीनमध्ये तेल घालायचं की नाही हे सोबतच्या पुस्तिकेत बघा, काहींना लागत नाही. तेल दिल्यावर चिंधीवर पाच मिनिटं चालवा, नाहीतर सॅटिनवर डाग.

आणि ती ऑनलाईन मिळणारी स्टेपलरसारखी हातात धरायची छोटी मशीनं, त्यांना यातलं काहीच लागू नाही. त्यात बॉबिनच नसते, एकाच दोऱ्याची साखळी टीप येते, शेवटचं टोक ओढलं की सगळी उसवते. त्यावर गिफ्ट शिवून कुणाला देऊ नका, एवढंच म्हणेन.

दुरुस्तीवाल्याकडं कधी न्यायचं? नवी, योग्य नंबरची सुई नीट बसवूनही साध्या कॉटनवर टाके सुटतायत, किंवा सुई खाली जाताना टक् टक् आदळतेय, किंवा सुई जोरात तुटल्यापासूनच हे सुरू झालंय, तर शटल आणि सुईचा मेळ हललेला असतो नाहीतर शटलच्या टोकाला चरा पडलेला असतो, ते घरी जमत नाही. नेताना बॉबिन केस घरी विसरू नका, आणि जाळं झालेली ती चिंधी, तोच दोरा, तीच सुई सोबत न्या. त्याच्या कॉटनवर नको, आपल्या खणावर आणि आपल्या जीन्सवर टीप मारून दाखवायला सांगा, तिथंच उभं राहून बघा आणि मगच पैसे द्या.